तीन वर्षांनी आपला पदवीधर काय कमावतो?

प्रति,
मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



मी आपल्याच विद्यापीठाचा बी.कॉम. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. शेतकरी, दुकानदार, पतसंस्था यांच्या जोडीला हल्ली पंचविशीतली पोरंही बरीच येतात. त्यांना टॅक्स बसत नाही, पण गाडीच्या कर्जाला बँक रिटर्न मागते. त्यामुळे पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक असले कागद रोज हाताखालून जातात, आणि आपल्या पदवीधरांच्या खात्यावर महिन्याला काय जमा होतं याचा अंदाज मला विद्यानगरातल्या मुख्य इमारतीपेक्षा थोडा जास्तच असावा. यात माझा मोठेपणा काही नाही, कागदच तसे येतात.

बारावीचा निकाल लागला की मात्र माझ्या ऑफिसातली चौकशी बदलते. एखादा बाप रिटर्नचं काम उरकून उठता उठता पुन्हा बसतो. "साहेब, पोरीला बी.एस्सी.ला घालू का बीसीएला?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "त्यात म्होरं काय मिळतंय?" या माणसाला तासगावच्या बेदाण्याचा भाव ठाऊक असतो, सांगलीच्या यार्डातला हळदीचा भाव ठाऊक असतो. आपल्या कारखान्यानं उसाला पहिली उचल किती दिली आणि शेजारच्यानं किती, हे तो रुपया-पैशात सांगतो. पोरीची तीन वर्षं ज्या पदवीत घालायची तिच्याबद्दल त्याच्याकडे दोनच आकडे असतात, प्रवेशाची फी आणि गेल्या वर्षीचा कटऑफ. हीच पदवी याच महाविद्यालयांतून घेतलेली पोरं आज काय मिळवतात, हा तिसरा आकडा त्याला कुणी देत नाही. मीही देऊ शकत नाही. माझ्याकडे येतात त्यांचंच मला कळतं, आणि येतात ते कमावणारे.

म्हणून ही विनंती. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून दरवर्षी जे पदवीधर बाहेर पडतात, ते तीन वर्षांनी काय करतात आणि काय कमावतात, हे विद्यापीठानं अभ्यासक्रमवार शोधावं आणि दर मे महिन्यात, प्रवेश सुरू होण्याआधी, साध्या मराठीत छापावं.

प्लेसमेंटचे आकडे आहेतच की, असं कुणी आपल्याला सांगेल. आहेत. जूनमध्ये चौकाचौकांत ते फ्लेक्सवर झळकतात. मुलांचे फोटो, खाली कंपनीचं नाव आणि ठळक अक्षरांत पॅकेज. त्या पॅकेजचं पुढं काय होतं हे मी आपल्याला माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. समजा, फ्लेक्सवर ३ लाख ६० हजार लिहिलंय. बाप मनात बाराने भागतो आणि तीस हजार धरतो. त्या तीस हजारांत मूळ पगार पंधरा हजार असेल, तर कंपनीच्या हिश्श्याचा पीएफ १,८०० रुपये त्याच आकड्यात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद, सुमारे सातशे, तीही त्यातच. मग मुलाच्या हिश्श्याचा पीएफ आणखी १,८०० कापला जातो. व्यवसाय कर २०० रुपये. राहिले साडेपंचवीस हजारांच्या आत. त्यात दहा टक्के 'व्हेरिएबल' असेल, म्हणजे कामगिरी बघून वर्षाअखेरीला मिळालं तर मिळालं, तर दरमहा हातात साडेबावीस हजारांच्या आसपास. त्यातून पुण्यात हिंजवडीच्या जवळपास चौघांत एक फ्लॅट, डिपॉझिट, मेस, महिन्यातून एकदा गावी येण्याचं तिकीट. फ्लेक्सवर खोटं काहीच नसतं. पण ज्याला हा हिशेब सोडवता येत नाही त्याच्यासाठीच तो फ्लेक्स लावलेला असतो.

सरासरीचीही अशीच एक गंमत आहे. दहा मुलांतल्या नऊ जणांना महिना दहा हजार मिळतात आणि दहाव्याला वर्षाला बारा लाख, तर सरासरी निघते वर्षाला २ लाख २८ हजार. त्या वर्गात इतका पगार घेणारा एकही मुलगा नाही. मध्यक काढा, म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं करून मधल्याला विचारा, तर तो १ लाख २० हजार सांगेल. केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीला हे कळतं. २०१६ पासून ती संस्थांकडून जी माहिती मागवते तिच्यात पदवी पूर्ण केलेले किती, नोकरी लागलेले किती, त्यांच्या पगाराचा मध्यक किती आणि पुढं शिकायला गेलेले किती, असे रकाने असतात. चांगली सवय आहे. पण तो मध्यक नोकरी लागलेल्यांचाच असतो. ज्यांना नोकरी लागली नाही आणि जे पुढं शिकायलाही गेले नाहीत, त्यांच्यासाठी रकाना नाही. ते वजाबाकी करून शोधावे लागतात. शिवाय विद्यापीठ म्हणून आपण जी माहिती भरता ती मुख्यतः आपल्या आवारातल्या विभागांची. आपली बहुतेक मुलं तर तीनशेच्या घरातल्या संलग्न महाविद्यालयांत, चंदगडला, शिराळ्याला, जतला, पाटणला शिकतात. त्यांच्या महाविद्यालयांपैकी बहुसंख्य या क्रमवारीत उतरतच नाहीत. आपल्या शिक्क्याची पदवी घेणाऱ्या बहुसंख्य मुलांचा कमाईचा आकडा त्यामुळे कुठेच नाही.

बाजारात पदवीची काय किंमत चालू आहे, याचा एक सरकारी दाखला मात्र आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' काढली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये ठरलं. म्हणजे बारावीनंतर घातलेल्या तीन वर्षांचे महिना ४,००० रुपये, आणि एम.ए., एम.कॉम.साठी आणखी दोन वर्षं घातली त्यांचे शून्य. हे विद्यावेतन आहे, पगार नव्हे, हे मलाही कळतं. पण तालुक्याच्या गावात असे आकडे लगेच दर म्हणून रुळतात. माझ्याच ऑफिसात टॅलीवर नोंदी करायला आणि जीएसटीची रिटर्न भरायला जी बी.कॉम. मुलं येतात त्यांना मी सुरुवातीला जे देतो ते या दहा हजारांच्या आसपासच असतं. जागा एक आणि मागणारे अनेक असले की भाव ठरवावा लागत नाही, तो आपोआप ठरतो. त्याच रस्त्यावर पुढं शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत फाउंड्रीवाले व्हीएमसी मशीनचा ऑपरेटर मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावतात आणि मोल्डिंगला बिहार-ओडिशाची मुलं आणतात. त्या वसाहतीपासून तासाभराच्या अंतरावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पदवीधरांनी भरलेल्या अभ्यासिका आहेत. फाउंड्रीत भट्टीजवळ उभं राहायला आपली मुलं तयार नाहीत, असा ठपका ठेवणं सोपं आहे. तिथं पाच वर्षांनी काय मिळतं आणि बी.ए. करून पाच वर्षांनी काय मिळतं, हे दोन आकडे त्या मुलांसमोर शेजारी शेजारी कुणी ठेवले आहेत का, हे आधी बघावं लागेल.

शिक्षकी पेशाचंही बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यानं शिक्षणसेवकांचं मानधन वाढवलं. प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं आणि वर्षानुवर्षं तसंच होतं. एम.ए., बी.एड. करून, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघून, निवड झाल्यावरची पहिली तीन वर्षं या मानधनावर काढायची. आणि ज्यांनी याहून वर जायचं ठरवलं, सेट दिली, पीएच.डी. केली, ते आज आपल्या संलग्न महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला होता. आपल्या तालुक्यांतल्या सीएचबीच्या किती प्राध्यापकांना त्याच्या निम्मं पडतं आणि वर्षातले किती महिने पडतं, हे आपण एकदा प्राचार्यांकडून मागवून घ्यावं. ही तर आपल्या विद्यापीठाची सर्वांत जास्त शिकलेली मुलं. यांना शोधायला फोनही करावा लागणार नाही, आपल्याच वर्गांवर उभी आहेत.

पदवी आणि कमाई यांचा असा हिशेब मांडला की काहींना ते हलकं वाटतं. विद्या पैशात मोजू नये म्हणतात. मला यावर वाद घालायचा नाही, कोल्हापूरचाच एक कागद दाखवायचा आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या गॅझेटात राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम निघाला. महाराज तेव्हा विलायतेत होते. मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखणारा हुकूम म्हणून आपण सगळे तो ओळखतो. पण त्याची सुरुवात जागांनी होत नाही. आधी म्हटलंय ते असं, की संस्थानात सर्व वर्गांत शिक्षण वाढावं म्हणून प्रयत्न केले, पण मागासलेल्या वर्गांत ते हवे तसे फळाला आले नाहीत. विचारांती महाराजांना याचं कारण दिसलं ते हे, की उच्च शिक्षणाचं फळ पुरेसं सर्वदूर वाटलं जात नाही. आणि मग त्यावर उपाय म्हणून नोकऱ्यांचा निर्णय. शिकलेल्याच्या हातात पुढं काय पडतं हे गावाला दिसल्याशिवाय गाव पोरं शाळेत घालत नाही, हे त्या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्या विद्यापीठाच्या जन्माआधी साठ वर्षं, सरकारी कागदावर मांडलं होतं. वसतिगृहं त्यांनीच काढली, तेव्हा विद्येचं मोल त्यांना कमी कळत होतं असं कुणी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र दिसत होत्या.

सातारा तर याच्याही पुढं गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. शिकतानाच हातात चार पैसे आले पाहिजेत, त्याशिवाय रयतेचं पोर शिकणार नाही, हे त्यामागचं गणित. ज्या मुलखात हे गणित कॉलेजच्या पायात घातलं गेलं, तिथल्या विद्यापीठानं पदवीनंतरच्या कमाईबद्दल गप्प बसावं हे मला तरी खटकतं.

आता त्या अभ्यासिकांकडे येतो, कारण आकडे गोळा करताना सर्वांत जास्त गोंधळ तिथंच होणार आहे. २०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांहून जास्त. खुल्या वर्गाला फी एक हजार रुपये, राखीव वर्गाला नऊशे. ते दहा लाख अर्ज करणारे किमान पदवीधर होते, कारण अटच ती होती. यातली पोरं बेकार म्हणवून घेत नाहीत, 'तयारी करतोय' म्हणतात. राज्यसेवेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आणि राखीव वर्गाची ४३ आहे, त्यामुळे तयारी बराच काळ चालू राहू शकते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ मधल्या भारतविषयक रोजगार अहवालात म्हटलं होतं की २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. यावरून शिकू नये असा अर्थ काढणारे महाभाग भेटतात. अर्थ उलटा आहे. निरक्षर पोराला घरी बसणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो धरतो. पदवीधराचा बाप आणखी दोन वर्षं पैसे पाठवतो. ते पैसे, ती कॉट बेसिसची खोली, अकॅडमीची फी, हा सगळा पदवीचाच खर्च आहे, फक्त विद्यापीठाच्या माहितीपत्रकात तो येत नाही. मी मागतो आहे त्या तक्त्यात 'तयारी' असा स्वतंत्र रकाना असावा आणि तीन वर्षांनी त्यात किती उरले हे छापलं जावं. माझा अंदाज आहे की कला शाखेत हाच सर्वांत मोठा रकाना निघेल, पण अंदाजावर पोरांना सल्ला देत राहायचा मला कंटाळा आलाय.

मुलींचा रकाना आणखी वेगळा. पदवीचा एक भाव वधू-वर सूचक मंडळाच्या यादीतही असतो. 'मुलगी ग्रॅज्युएट हवी' असं लिहिणाऱ्या घरांतली अनेक घरं तिला नोकरी करू देत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहे. नुसत्या कमावणाऱ्यांचा मध्यक छापला तर या मुली तक्त्यातून नाहीशा होतील आणि आकडा उगाच गोंडस दिसेल. अमेरिकेत 'कॉलेज स्कोअरकार्ड' निघतं. त्यात २०१५ पासून करखात्याच्या नोंदी जोडून कुठल्या कॉलेजची मुलं किती कमावतात ते दाखवतात, पण त्यातले कमाईचे आकडे सरकारी मदत घेतलेल्यांचे आणि त्यातही कामावर असलेल्यांचेच. घरी बसलेले त्यातून गळतात. इंग्लंडनं पदवीनंतर एक, तीन, पाच आणि दहा वर्षांनी बघायची पद्धत ठेवली आहे, ती जास्त शहाणपणाची. आपण दोन्हीकडचं बघून घ्यावं आणि मुली किती शिकल्या, किती कामावर आहेत, किती जणींना काम हवं असून मिळालं नाही किंवा करू दिलं नाही, हे वेगळं लिहावं. शेवटचा प्रश्न फोनवर सासरच्या माणसांसमोर विचारून चालणार नाही. तो विचारायला मुलीच लागतील.

आणि शेती. घरचा गोठा, गोकुळला जाणारं दूध, तीन एकर ऊस, शिवाय पतसंस्थेत पिग्मी गोळा करणं, अशी चार ठिकाणची मिळकत असलेला बी.ए. माझ्याकडे येतो. त्याची पगाराची स्लिप नाही. त्याला 'बेरोजगार' लिहिणं चूक, 'स्वयंरोजगार' लिहून मोकळं होणंही चूक, कारण गोठा पदवीआधीही होता. तिथं नुसतं विचारावं की पदवी या कामात कुठं उपयोगी पडली का. काही जण हो म्हणतील. एकानं मला सांगितलं होतं की बी.एस्सी.च्या केमिस्ट्रीमुळं त्याला माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतो आणि खतवाला त्याला फसवू शकत नाही. हे पगारात कुठं बसवायचं, मला माहीत नाही, पण तक्त्याखाली लिहायला काय हरकत आहे?

या सगळ्याला आपल्या अभ्यास मंडळांतून विरोध होईल. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांना भीती वाटेल की आकडे छापले की आमचे विभाग बंद पडणार. ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. कमाईचा एकच आकडा घेऊन महाविद्यालयांची उतरंड लावली तर तसंच होईल, आणि शिराळ्याचं कॉलेज कोल्हापुरातल्या कॉलेजपुढं कायम खाली दिसेल. शिराळ्यात कोल्हापूरइतके कारखाने नाहीत यात त्या प्राध्यापकांचा काय दोष? म्हणून क्रमवारी नकोच. तुलना करायचीच तर त्याच तालुक्यातल्या बारावीवर थांबलेल्याशी आणि आयटीआय केलेल्याशी करावी, म्हणजे पदवीनं नेमकी किती भर घातली ते दिसेल. घरी राहून मिळणारे बारा हजार आणि पुण्यात खोली करून मिळणारे बावीस हजार एका ओळीत मांडू नयेत. आणि आकडा कमी निघाला तर पहिला जाब विद्यापीठानं स्वतःला विचारावा. तालुक्याच्या ठिकाणी एकट्या कला शाखेची महाविद्यालयं का वाढली? मुलांना इतिहासाची ओढ होती म्हणून नव्हे. प्रयोगशाळा लागत नाही, चार खोल्या आणि एक ग्रंथालय दाखवलं की भागतं, म्हणून. कुठं कोणतं महाविद्यालय आणि कोणता अभ्यासक्रम द्यायचा याचा पाच वर्षांचा बृहत आराखडा २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार आपणच करता. पदवीधरांची कमाई त्या आराखड्यासमोर ठेवली असती तर काही मंजुऱ्या वेगळ्या झाल्या असत्या, असं मला वाटतं. मराठीचा विभाग त्यात वाचलाही असता, जोडीला मुद्रितशोधन, भाषांतर, न्यायालयीन मराठी असं काही घेऊन.

पदवीधर सापडणार कुठं, असं आपले अधिकारी म्हणतील. महाराज, पदवीधर सापडतात! दर पाच वर्षांनी अधिसभेची निवडणूक येते, नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून द्यायचे असतात. तेव्हा पॅनेलवाले फॉर्म घेऊन वाडी-वस्तीपर्यंत पोचतात. विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ आहे, त्यात आपले तिन्ही जिल्हे येतात. २०२० च्या निवडणुकीत त्याच्या यादीत चार लाखांवर नावं होती. विशेष म्हणजे त्या यादीत नाव घालायला पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. म्हणजे तीन वर्षांनी पदवीधराला गाठायची पद्धत या राज्यात आधीच चालू आहे, कागदपत्रांसकट. मतासाठी जो माणूस सापडतो तो पगार विचारायलाही सापडेल.

पद्धत अवघड नाही. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज भरताना मुलाचा चालू मोबाइल नंबर आणि तीन वर्षांनी फोन करायची संमती घ्यावी. दरवर्षी प्रत्येक अभ्यासक्रमातून काही मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडावीत, महाविद्यालयानं दिलेली 'चांगली' नावं घेऊ नयेत, नाहीतर पुन्हा फ्लेक्सच तयार होईल. प्रश्न ठरवणं आणि नमुना काढणं आपल्या संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी करावं, घरचं काम आहे. फोन 'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलामुलींनी करावेत. त्यांना चार पैसे मिळतील आणि पुढं आपल्याला काय वाढून ठेवलंय तेही थेट ऐकायला मिळेल. हातात पडणारा पगार विचारावा, पॅकेज नव्हे. नावं कुठेही छापू नयेत, आणि एखाद्या वर्गात मुलं इतकी थोडी असतील की आकड्यावरून माणूस ओळखू यावा, तर तो आकडा शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांत मिळवून द्यावा. किती जणांना फोन केला आणि किती जणांनी उचलला, हेही खाली लिहावं. पहिल्या वर्षी आकडे कच्चे असतील. कच्चे म्हणूनच छापावेत.

घाई करण्याचं कारण असं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं. त्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलेली मुलं २०२७ च्या उन्हाळ्यात तिसरं वर्ष संपवतील आणि त्यांच्यापुढं प्रश्न येईल, तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची. चौथं वर्ष म्हणजे एका वर्षाची फी आणि एका वर्षाची बुडालेली कमाई, दहा हजारांच्या दरानंच धरली तरी एक लाख वीस हजार. त्या बदल्यात काय मिळणार, याचं उत्तर चौथं वर्ष केलेले पदवीधर बाहेर पडेपर्यंत कुणाकडेच नसेल. पण तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आजवर काय देत आली, एवढं तरी त्या मुलांच्या हातात असावं.

यासाठी येत्या मार्चच्या अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीत एक लेखाशीर्ष लागेल. रक्कम मोठी नसेल. टेलिफोन, दोन सांख्यिकी सहायक, 'कमवा आणि शिका'च्या मुलांचं तासांचं मानधन आणि एका पुस्तिकेची छपाई. पदवीधरांतून निवडून आलेल्या दहाही सदस्यांना या पत्राची प्रत पाठवतो आहे, त्यांनी सूचना मांडली तर आपण ती दाखल करून घ्यावी. सांगली जिल्ह्यातल्या फोनसाठी संध्याकाळी सहानंतर माझं ऑफिस आणि दोन लाइन मोकळ्या असतात, हव्या असतील तर कळवावं.

आपला,
एक नोंदणीकृत पदवीधर